साडूंचे फोल्डर

माझ्या साडूंइतका व्यवस्थित माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या व्यवस्थितपणापायीच एखाद्या दिवशी माझ्या हातून त्यांचं काहीतरी बरंवाईट होणार आहे. मानोऱ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. गावातली, आसपासच्या तांड्यांवरची वीस-पंचवीस वर्षांची लग्नं त्यांच्या कॉम्प्युटरात पडून आहेत. पाहुण्यांच्या चपला वाकड्या दिसल्या तर हे बोलता बोलता उठून सरळ करून येतात. एकदा नवरदेवाचा फेटा बोटभर तिरका वाटला म्हणून त्यांनी चालू मंगलाष्टकं थांबवली होती. भटजी तापले, तर म्हणाले, "थांबा ना महाराज, पोट्ट्याचा फेटा बसून राह्यला कानावर."

मध्यंतरी त्यांची जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. मी चारचारदा बजावलं होतं, फोल्डर जसेच्या तसे नव्या डिस्कवर टाका, नावांना हात लावू नका. फोटोंच्या प्रोग्रॅमला फक्त फोल्डरचा पत्ता ठाऊक असतो. नावं तीच राहिली तर नवी जागा एकदा दाखवली की काम संपतं. साडूंनी मान डोलावली आणि एकूण एक नावं बदलली. 'लग्न १४', 'लग्न १५' ही नावं म्हणे बेशिस्त दिसत होती. वर जुनी डिस्क स्वच्छ पुसून भजनी मंडळाला देऊन टाकली. प्रोग्रॅम उघडला तर प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह.

नवी नावं वाचून तर माझं डोकंच फिरलं. 'पोटभर', 'वरण गार', 'भाजी संपली', 'उपाशी', 'उपाशी २', असे 'उपाशी १९' पर्यंत. लग्नात फोटोवाल्याला जेवायला विचारायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि कुठे कोणी विचारलं नाही ते साडू विसरत नाहीत.

"अहो साडूभाऊ, गावाचं नाव टाकाचं, तारीख टाकाची. हे काय लावलं तुमी?"

"तारीख मले ध्यानात राहत नाही," ते शांतपणे म्हणाले. "उपाशी राह्यलो थे राह्यते."

हा शांतपणा मला मुळीच सहन होत नाही. दुसरा कोणी असता तर मी तिथूनच घरी निघून आलो असतो. पण शेजारच्या खुर्चीवर आमच्या सासूबाई बसल्या होत्या. मामाजी, म्हणजे आम्हा दोघांचे सासरे, जाऊन दोन वर्षं झाली. कॅमेरा दिसला की ते पाठ फिरवायचे. आधार कार्डावरचा फोटो दाखवला तर सासूबाई म्हणतात, हे काही ते नव्हेत. "त्याइचा चेहरा आताशा डोयापुढं येत नाही माह्या," त्या म्हणाल्या होत्या. "लहानीच्या लग्नात असन ना एखादा?" लहानी म्हणजे माझी बायको.

तीन रविवार मी एकेक फोल्डर उघडून, ओळखून प्रोग्रॅमला दाखवत बसलो. तिन्ही रविवार सासूबाई त्याच खुर्चीवर. परक्या पंगतींमधून माझं स्वतःचं लग्न काही निघेना. शेवटी मी ओरडलोच, "माह्या लग्नात तुमी काय जेवले होते?"

साडू चक्क लाजले. "मामाजीनं वाढलं," ते म्हणाले. खरंच, शेकडो नावांच्या गर्दीत पार तळाशी त्याच नावाचा फोल्डर होता.

"मंग तीन हप्ते काहून सांगतलं नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

दातओठ खात मी तो फोल्डर जोडला. प्रश्नचिन्ह गेलं आणि चौकटी भरत आल्या. माझ्या लग्नात हा थोरला जावई दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. एका फोटोत, पंगती उठल्यावर मामाजी स्वतः त्यांच्यासाठी ताट वाढून आणत होते. दोन्ही हात ताटाला गुंतलेले, त्यामुळे पाठ फिरवता आली नव्हती. ते थेट साडूंकडे बघून हसत होते. इतके दिवस साठवलेला राग मला कुठे ठेवावा कळेना.

सासूबाई पुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"आन् सोता जेवले होते का ते त्या दिशी?" त्यांनी विचारलं.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, "मी नाही इचारलं."

मीही विचारलं नव्हतं.