अक्कांचा घास

अक्का स्वतःच्या गाड्यावरचा हॉट डॉग कधी खायच्या नाहीत. गाडा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या गेटसमोर. सकाळी मी गेले की अक्का आधी चटणीत बुडवलेला एक तुकडा माझ्या तोंडात घालायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांग." मी मान खाली घालून म्हणायचे, "छान झालंय." मग आमचा दिवस सुरू व्हायचा.

हॉट डॉग हे नाव गाड्यावर आधीच रंगवलेलं होतं. अक्कांचे मालक, म्हणजे नवरा, यंत्रमागावर कामाला होते. ते गेल्यावर अक्कांनी हा गाडा जुना घेतला आणि पाटी पुसायचा त्रास नको म्हणून पदार्थही तोच ठेवला. पण आपल्या पद्धतीनं. लांब पाव मधोमध चिरायचा, त्यात बटाटा-सोयाबीनचा लांबट रोल तव्यावर खरपूस भाजून घालायचा आणि वर दह्यात कालवलेली शेंगा चटणी. मी पाव चिरायचे, कांदा कापायचे, भांडी घासायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांचं. कुणी काही विचारलं की मी गाड्यामागं जायचे. अक्का म्हणायच्या, "लाजून पोट भरतं व्हय गं, पिल्ला?" त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. पिल्ला म्हणजे पोरगी.

तो सकाळचा घास मला मायेचा वाटायचा. जेऊरला माहेरी आई भरवायची, त्यानंतर मला कुणी आधी खायला घातलं नव्हतं. भरवणाऱ्या हाताला नावं कशी ठेवायची? मीठ जास्त झालं तरी, चटणी खवट लागली तरी मी छानच म्हणायचे. ते चवीचं उत्तर नव्हतंच. घास दिला त्याचं होतं.

पुढं मीठ फारच वरखाली व्हायला लागलं. एका कारखान्याचे मुकादम आमचे रोजचे गिऱ्हाईक. ते एकदा पहिला घास घेऊनच म्हणाले, "काय अक्का, मिठाचं पोतं फुटलं काय?" अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी कांदा कापत राहिले. हळूहळू माणसं पलीकडच्या वडापावच्या गाड्यावर जायला लागली. अक्कांचं घर या एका गाड्यावर चालायचं. त्यांनी पाववाला बदलला, तेल बदललं, गाडा गेटच्या आणखी जवळ घेतला. "सगळं चांगलं वापरते. मग माणसं का जातात गं?" मला ठाऊक होतं. मी भांडी घासायला घेतली.

शेवटी एक दिवस मी आडून विचारलं, "अक्का, तुमी सोता का न्हाय चाखून बघत?"

"चाखून काय करू? तू यायच्या आधी मला मोठा ताप आला हुता, तवापासनं चवच कळत न्हाय. खारट न्हाय, गोड न्हाय. म्हणून तर तुला रोज इचारते."

मी सुरी खाली ठेवली. इतके दिवस त्या मला भरवत नव्हत्या, विचारत होत्या.

"अक्का, मी खोटं बोलत हुते."

"कवापासनं?"

"पैल्या दिवसापासनं."

अक्का हसल्या. इतक्या मोठ्यानं की शेजारचा पंक्चरवाला मान वर करून बघायला लागला. मग एकदम थांबल्या आणि तवा पुसत बसल्या. आता शिवी येईल, आता घरी जा म्हणतील, असं मला वाटत होतं. काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा घास दिला. मी पहिल्यांदाच चव बघायची म्हणून खाल्लं, आणि चटणी नेमकी फार चांगली झाली होती.

"छान झालंय."

"आज पण?"

"आज खरंच झालंय, अक्का."

"खरं कशावरनं?"

मीठ कमी आहे म्हटलं असतं तर त्यांना पटलं असतं, पण मग त्यांनी मीठ टाकलं असतं. मी पाव चिरायला घेतले. अक्कांनी पहिला हॉट डॉग मुकादमांना दिला आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या. त्यांनी आणखी एक मागितला, तेव्हा कुठं अक्कांनी श्वास सोडला.

त्या दिवसापासून त्यांनी मला विचारलं नाही. पहिलं गिऱ्हाईक खायला लागलं की त्या त्याचा चेहरा बघायच्या. कपाळाला आठी दिसली की चटणीत दही वाढवायच्या. माणसं परत आली. सगळी नाही, पण गाडा टिकला. मला कामावरून काढलं नाही, की कधी टाकून बोलल्या नाहीत. सकाळी मी तोंड धुऊन, चूळ भरून जायचे आणि नुसती उभी राहायचे. त्यांनी मला माफ केलं होतं की माझा नाद सोडला होता, ते मला आजही कळत नाही.

गुडघेदुखीनं अक्कांना उभं राहवेना, तेव्हा हैदराबादला असणारी त्यांची लेक त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी गाडा माझ्या हवाली केला.

"मला का, अक्का?"

"मग कुणाला?" एवढंच म्हणून त्या रिक्षात बसल्या.

आता गाड्यावर मीच असते. बोलावं लागतं, बोलते. परवा अक्कांचा फोन आला. पाववाला कसा आहे, पंक्चरवाल्याचं लग्न झालं का, सगळं विचारलं. मी सांगितलं, "मुकादम म्हणतात, अक्कांच्या हातची चव न्हाय राहिली." मुकादम खरंच तसं म्हणाले होते. मला दिवसभर वाईट वाटलं होतं.

अक्का म्हणाल्या, "खोटारडी."

त्या हसत होत्या की आणखी काही, मला समजेना. मी गडबडून म्हटलं, "न्हाय अक्का, खरंच. या की एकदा. तुमीच खाऊन बघा." त्यांना चव कळत नाही हे बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, आणि मी जीभ चावली.

"येते की," अक्का म्हणाल्या. "खाते आणि सांगते तुला."