बोंबलांच्या पेटीवरचा लॅपटॉप

बाळांनो, परवा तुम्ही तुमच्या ऑफिसच्या टेबलाचा फोटो पाठवलात. लॅपटॉप स्टँडवर, कीबोर्ड वेगळा. खाली लिहिलं होतंत, "आजी, तुझ्या वेळी असलं काही नसेल ना?"

होतं. फक्त त्याला वास यायचा.

नव्वदच्या दशकात मी बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात साहेबांची पत्रं टाइप करायचे. एक दिवस टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप आला, कारखान्यातला पहिलाच. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची सारी हयात ॲसिडच्या टाक्या सांभाळण्यात गेलेली. त्यांनी लॅपटॉपलाही टाकीचेच नियम लावले. शेजारी वाळूची बादली, पायाखाली रबरी चटई. रोज सकाळी ते यंत्र चारी बाजूंनी हुंगत, त्या दिवशीच्या कामाच्या परवान्यावर सही करत, आणि मगच मी झाकण उघडायचं. त्यांनी दिलेले रबरी हातमोजे मात्र मी दुसऱ्याच दिवशी परत केले. एका बोटाखाली तीन अक्षरं उमटत होती.

या नियमांत माझ्या मानेचा विचार कुठेच नव्हता. पडदा इतका खाली, की दिवसभर विहिरीत डोकावल्यासारखं बसावं लागे. महिन्याभरात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. पालघरचे डॉक्टर म्हणाले, "टायपिंग सोडा, नाहीतर मानेची आशा सोडा." मला नोकरी सोडायची नव्हती. साऱ्या जगात माझं स्वतःचं असं तेवढं एकच टेबल होतं.

कारखान्याच्या गेटपाशी किनाऱ्यावरच्या दातिवरे गावची एक मावशी सुकी मासळी विकायला बसायची. मला मान धरून येताना पाहून म्हणाली, "काय गो बाय, नवऱ्याशी भांडलीस का? तोंड वळत नाय तुजं."

मी सगळं सांगितलं.

"येडी हाय का तू? बघायचं ते डोळ्यासमोर, करायचं ते हातापाशी. ही घे." तिने बोंबलांची रिकामी लाकडी पेटी माझ्यापुढे सरकवली.

पेटी मी साबणाने दोनदा धुतली, चार दिवस उन्हात ठेवली, फूटपट्टीने मोजली. नऊ इंच. लाकूड दिसलं असतं तर ज्वलनशील म्हणून जप्त झालं असतं, म्हणून तिला भरतकामाचा अभ्रा घातला. वर लॅपटॉप ठेवला आणि एका बंद पडलेल्या संगणकाचा कीबोर्ड त्याला जोडला. त्या सकाळी माझी मान सरळ होती. अगदी अकरा वाजेपर्यंत.

तेव्हाचे लॅपटॉप इस्त्रीसारखे तापत. खालची पेटी तापली आणि बोंबील जागे झाले.

कारखान्याचा नियम असा, की अनोळखी वास आला की भोंगा. भोंगा वाजला. आम्ही सगळे उन्हात, झेंड्याच्या खांबापाशी. एक कामगार मला विचारतो, "मॅडम, कौनसी पाइपलाइन फटी?" खरं बोलले तर पेटी जाणार, आणि पेटी गेली की नोकरी.

अधिकारी तोंडाचा मास्क काढत बाहेर आले. "अमाइन आहे. शंभर टक्के अमाइन! त्या रसायनालाच असा माशासारखा वास येतो."

गेटबाहेरून मावशी ओरडली, "कसला गॅस रं? बोंबील हाय तो! त्या बायला दिलेली माजी पेटी! धुतली तरी वास सोडत नाय, असा माल हाय माजा. घ्या, कोणाला हवा?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"मॅडम," अधिकारी दुखावल्या आवाजात म्हणाले, "परवान्यात बोंबील नव्हता. पेटी जप्त."

"आधी घटनेचा अहवाल," साहेब म्हणाले. "टाइप करून. आत्ता."

"पेटी गेली तर माझ्याच्याने टाइप होणार नाही," मी म्हटलं. "मान चालत नाही."

साहेबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. "अहवाल होईपर्यंत पेटी राहू दे."

मग माझ्यामागे नाकाला रुमाल लावून अधिकारी बसून सांगत गेले आणि मी पेटीपुढे ताठ बसून टाइप करत गेले. 'उपाय' या रकान्याशी ते अडले. मी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबले. मग ते उठले, प्रयोगशाळेत गेले आणि मोठ्या बाटल्यांची चार रबरी बुचं घेऊन आले. लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली ती ठेवली. आता मधून हवा खेळणार, पेटी तापणार नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी आधी लॅपटॉप हुंगला, मग पेटी. परवान्यावर 'वास' असा नवा रकाना आखला होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'ओळखीचा', आणि सही केली.