आठव्या घरातला ळ

लेक तिरोड्याला दिलेली, आणि तिच्याकडे जाताना रुख्मा उईकेला बसची पाटी दरवेळी दुसऱ्याला विचारावी लागे. एकदा कुणीतरी गंमत म्हणून तिला भलत्याच गाडीत बसवून दिलं. त्या दिवसापासून चौपन्न वर्षांच्या या बाईने ठरवलं, मार्चमधल्या साक्षरता परीक्षेला बसायचंच.

सालेकशाकडच्या त्या जंगलातल्या गावात दुपारी समाजमंदिरात वर्ग भरे. शिकवायची खुशबू, रुख्माच्या शेजारघरात गोंदियाहून आलेली सून. हिंदी शाळेत शिकलेली, पण जीव लावून शिकवणारी. एक दिवस तिने वाक्य सांगितलं आणि रुख्माने पाटीवर लिहिलं, ‘माझे डोरे कारे आहेत.’ शेजारच्या टेकचंदने ते मोठ्यांदा वाचलं. सारा वर्ग पोट धरून हसला. हसणारे सगळे जन्मभर डोळ्याला डोराच म्हणत आलेले, पण फुकटचं हसू कोण सोडतो? खुशबूने ‘डोरे कारे’ पुसून ‘डोळे काळे’ केलं. दुसऱ्या दिवशी रुख्मा वर्गाला गेलीच नाही.

झाडीपट्टीच्या जिभेला ळ नाही. जे तोंडात नाही ते हातात कुठून उतरणार? हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, आपलं डोकंच मठ्ठ. चार दिवस तिने पाटीला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी अंगण झाडताना छपराच्या फुटक्या कवेलूचा एक तुकडा हाताला लागला. चपटा, गुळगुळीत. तो तळहातावर आला आणि तिला बिल्लस आठवला. एका पायावर लंगडी घालत चौकटीतून खापर सरकवायचा तो खेळ, आणि माहेरी त्यात तिला हरवणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर पाय म्हणून उचलला नव्हता. वय झालं की माणसाला खेळायची लाज वाटते, चहाड्या करायची मात्र वाटत नाही. रुख्माने फाटक लावलं, कोळशाने आठ घरं आखली, प्रत्येकात एक अक्षर लिहिलं. आठव्यात ळ. ज्या घरात पाय पडेल ते अक्षर असलेला शब्द बोलायचा. चुकला की बाद.

नवरा कवडू मोळी घेऊन आला आणि बघतच राहिला. म्हातारी भैसाटली, डोकं फिरलं तिचं, असं त्याने शेजारी जाऊन सांगितलं. ते ऐकून खुशबू धावत आली, तर रुख्मा गुडघा चोळत अंगणात उभी.

“मावशी, काय करून राहिल्या?”

“बाद होऊन राहिली. सात घरं जमते, आठव्यात मरते.”

खुशबूने पदर खोचला. तीही लंगडत निघाली, आठव्या घरात पोचली आणि ठसक्यात म्हणाली, “डोला.”

“तूबी बाद, बाई,” रुख्मा शांतपणे म्हणाली. “रेडिओत असं नाही बोलत.”

खुशबू एका पायावर तशीच थांबली. वर्गात ती महिनाभर ‘डोला’च सांगत आली होती, आणि खोडलं मात्र रुख्माचं. तिला खरोखर लाज वाटली. मग तिला हसू फुटलं, तोल गेला, आणि दोघी घरांवरच बसून हसत सुटल्या. त्यानंतर रोज दोघी खेळल्या. जीभ मागे वळवायची, पडायचं, पुन्हा उठायचं. आठवडाभरात रुख्माच्या तोंडून ळ निघाला, खुशबूच्या नंतर दोन दिवसांनी. टेकचंद कुंपणाशी उभा राहून बघायचा. एके दिवशी त्याने आपली चप्पल काढली आणि तोही एक पाय उचलून पहिल्या घरात उभा राहिला.

परीक्षेत शेवटचा प्रश्न होता, तुम्हाला काय येतं ते एका वाक्यात लिहा. रुख्माने ‘मला खे’ लिहिलं आणि पेन अडलं. अक्षर काही केल्या आठवेना. टेकचंद पुढच्याच बाकावर होता, पण आता दुसऱ्याला विचारायचं नव्हतं.

मग तिने बाकाखाली डावा पाय उचलला. मनातल्या मनात एकेक घर ओलांडत ती आठव्यापर्यंत गेली. तिथे कोळशाचा ळ होता, तिच्याच हातचा. तिने तो कागदावर उतरवला, बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा, आणि वाक्य पुरं केलं: ‘मला खेळता येते.’

मगच तिने पाय खाली टेकवला.