खोडलेलं उत्तर

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला लागले. पण ताळा मला चांगला यायचा. वजाबाकीचं उत्तर परत मिळवून बघायचं, मूळचा आकडा आला पाहिजे.

मुलगी दहावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर शिकू दे. नाय तर निडीचं स्थळ हाय, देऊन टाकू." बाकीचे विषय तिला जमत. गणितात ती कच्ची.

क्ष आणि य मला ठाऊक नव्हते. पण शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं होतं की उत्तर समीकरणात घालून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या आल्या की बरोबर. म्हणजे ताळाच झाला. मग ती गणितं सोडवायची आणि मी भाकऱ्या थापता थापता तिच्याकडून ताळा म्हणवून घ्यायची. महिनाभरात मी बऱ्याच चुका पकडल्या. ती माझं ऐकायला लागली.

एकदा तिने वाचलं, क्ष अधिक य बरोबर चार, क्ष वजा य बरोबर दहा. उत्तर काढलं क्ष सात, य उणे तीन.

"सातात तीन मिळवले तर दहा होतात. चार कसे?"

"उणे तीन हायत, आये. उणे मिळवले की कमी होतं."

"आणि खालच्यात?"

"उणे वजा केले की वाढतं. दहा."

"मिळवलं की कमी, वजा केलं की जास्त. कारखान्यात असं मोजलं तर शेट हाकलून देईल. शून्याच्या खाली काय असतं गो? पूस ते."

"बाईंनी तसंच शिकवलंय."

"मग बाईंकडेच जेव."

तिने पुसलं. परत सोडवलं, परत उणे तीनच आलं. मी वही मिटायला लावली.

गणिताचा पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, "एका उत्तराला उणे दोन आलं होतं. वरच्या पायऱ्यांसकट खोडून नुसतं दोन लिहिलं."

मी म्हटलं, "बरं केलंस."

ते गणित चार मार्कांचं होतं. ती तीन मार्कांनी नापास झाली. निकालाला मी बरोबर गेले होते. बाईंनी पेपराचं विचारलं, तिने खोडल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "उणे दोनच बरोबर होतं." मुलीने माझं नाव घेतलं नाही.

ऑक्टोबरला परत बसता आलं असतं. बापाने त्याआधीच लग्न लावलं. मी आडवी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते? नवरा मारतो हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही तिच्या शेजारणीकडून.

आता नात आठवीत आहे. मागे निडीला गेले तेव्हा ती वही घेऊन माझ्याजवळ बसली. "आजी, ताळा बघतेस?"

चुलीपुढून मुलगी म्हणाली, "तिला नको दाखवू. इकडे आण."

नात उठून गेली. मुलीने पिठाच्या हातानेच वही धरली, पुटपुटत ताळा केला आणि बरोबर आहे म्हणाली. उत्तर काय आलं ते मी विचारलं नाही.