चीफसाहेबांची वाफ

आमच्या बेडोकच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चीफसाहेबांनी जिच्यावर संशय घेतला नाही, अशी वस्तू सिंगापुरात अजून आलेली नाही. जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये चीफ इंजिनिअर म्हणून गेला, त्यामुळे सुरळीत चाललेलं काहीही पाहिलं की आत नक्की बिघाड आहे असं त्यांना वाटायचं. लिफ्ट लगेच आली तर ते दुसरीची वाट बघत. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधल्या बाईने हसून कॉफी दिली की आधी कपात डोकावत. भरवसा फक्त करावर. इथल्या प्रत्येक सिगारेटवर कर भरल्याची खूण छापलेली असते. ती चष्मा लावून वाचल्याशिवाय त्यांनी कधी सिगारेट पेटवली नाही. "सरकारने पैसे घेतलेत ना, मग माल खरा," असं म्हणत रोज दीड पाकीट खरा माल छातीत भरत.

मग इथेच सेंगकांगला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला मुलगी झाली, आणि तिने बजावलं की सिगारेट सुटून दोन महिने झाल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. चीफसाहेबांनी नात पाहिली ती दाराच्या जाळीतून. खोटं कशाला सांगू, मला त्यांची फार दया आली. बोटीवरच्या एका सहकाऱ्याने व्हेपचा, म्हणजे धुराऐवजी निकोटिनची वाफ ओढायच्या विजेवरच्या नळीचा उपाय सुचवला. पण इथे तो विकायला आणि ओढायलाही बंदी, म्हणजे त्यावर कर नाही, म्हणजे खूणही नाही. "ज्यातून सरकारला काही मिळत नाही, ते मला काय देणार?" असं सकाळी म्हणायचे, आणि संध्याकाळी, "का कर बुडेल म्हणूनच बंदी घातली असेल हो?" शेवटी पुढच्या सफरीत बोट इथली हद्द सोडून बरीच पुढे गेल्यावर त्यांनी सहकाऱ्याच्या नळीतून चार झुरके घेतले आणि पुढच्या बंदरावरून मुलीला ऐटीत फोन केला, "सिगारेट बंद. आता नुसती वाफ घेतो."

"मग मुळीच येऊ नका, बाबा," ती म्हणाली. "आधी ते पूर्ण थांबू दे."

आपल्या घरांत वाफ घेतात ती सर्दीसाठी. तिला वाटलं बाबांना सर्दी झालीय. यांना वाटलं वाफही वर्ज्य. नळी सहकाऱ्याकडे परत गेली, सिगारेट आधीच गेली होती, उरली लवंग. दोन महिने ती चघळत ते साऱ्या जगाकडे डोळे वटारून बघत होते.

मुदत संपली तशी साक्षीदार म्हणून मला घेऊन ते सेंगकांगला गेले. मुलीने दारातच विचारलं, "सर्दी गेली ना?"

"कसली सर्दी?"

"वाफ घेत होतात ना?"

उलगडा झाल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. चीफसाहेब हसले नाहीत. त्यांनी दोनदा हात धुतले आणि नातीला घेतलं. तिने त्यांच्या शर्टाच्या रिकाम्या खिशाची कड मुठीत धरली आणि झोपून गेली. मग हळूच मला म्हणाले, "हिच्यावर कुठे खूण नाही हो. कोणी काही मागितलंही नाही. एवढं असं नुसतंच मिळतं?"

पुढे ते निवृत्त होऊन ठाण्याला गेले आणि जिन्यात लवंगेचा वास येईनासा झाला.