चिकलठाण्याची समभुज जागा

"बाजूंचं मला सांगू नका, मियाँ. कर्ण किती भरतात ते सांगा."

आमचे गणिताचे मास्तरसाहेब हे वर्गात म्हणाले असते तर समजण्यासारखं होतं. पण ते सुताराच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात आणि एकदा तर आमच्या घरच्या नव्या खाटेकडे बघूनही हेच म्हणाले. म्हणताना एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत हवेत बोट फिरवायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याची शाळा सुटली तरी सुटत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायला लागलो. माध्यम नुकतंच उर्दूचं मराठी झालेलं, आणि आम्ही दोघंही उर्दूत शिकलेलो. जन्मभर 'वतर' म्हणत आलो, आता 'कर्ण' म्हणायचं. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता आम्ही नवी नावं घोकायचो. 'समांतरभुज' काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेना. "चौकोन तोच हाय ना? मग झालं," म्हणून हसायचे.

त्यांच्याकडे बांबूच्या चार सारख्या पट्ट्या होत्या, कोपऱ्यांत खिळे मारून जोडलेल्या. वर्गासमोर धरून विचारायचे, "हा कोण?" मुलं ओरडायची, "चौरस!" मग ते एक कोपरा हलकेच ढकलायचे. "आता? बाजू तेवढ्याच हायत. मग बिघडलं काय?" मग ते आडव्या सुतळ्या ताणून दाखवायचे. एक कर्ण लांबलेला, दुसरा आखडलेला. चौरसाचा समभुज चौकोन झालेला. मला तसा धडा कधीच जमला नाही.

शाळेतले चित्रकलेचे मास्तर त्यांचे जिवलग दोस्त. ते बायकामुलांसह कराचीला निघाले. त्यांच्याबरोबर मास्तरसाहेबांचा एकुलता एक मुलगाही निघाला. थोडे दिवस बघून येतो, म्हणाला. मास्तरसाहेबांनी अडवलं नाही. बायको आधीच वारलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं. दोस्ताची चिकलठाण्याच्या वाटेवर मोकळी जागा होती, ती त्यांनी विकत घेतली. मला म्हणाले, "पोरगं वापस आलं तर त्याला आपलं म्हणायला दार तरी पायजे."

जागा मोजायला मी आणि तो दोस्त सोबत होतो. चारी बाजू अगदी सारख्या भरल्या. मी टेप घेऊन समोरच्या कोपऱ्याकडे निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या." परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, खाटेचे कर्ण मोजता आणि जागेचे सोडता? ते म्हणाले, "माणूस गाव सोडून चाललाय. त्याच्या डोळ्यांदेखत आडवी टेप ताणू? काय वाटंल त्याला?" मला तो शुद्ध वेडेपणा वाटला. आजही वाटतो. आणि त्या वेडेपणासाठीच हा माणूस मला सगळ्यांत जास्त आवडतो.

पाया आखताना कोपरा काटकोनात येईना. गवंड्याला बाजूला सारून त्यांनी स्वतः दोऱ्या ताणल्या. दोन्ही कर्ण मोजले. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "समभुज चौकोन. कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, पण सारखे नसतात." दोरी गुंडाळत हळूच म्हणाले, "त्यालाबी ठाऊक नसंल." दोस्ताबद्दल यापलीकडे एक शब्द नाही.

घर सरळ बसवायचं तर एक खोली कमी होणार होती, आणि नकाशात ती खोली मुलाची होती. "तो आला की त्यालाच विचारू, कसं बांधायचं ते," म्हणून त्यांनी काम थांबवलं.

मुलगा आला नाही. आधी पुढच्या वर्षी येतो म्हणाला, मग तिकडेच नोकरी लागली, लग्न झालं. पुढे पासपोर्ट-व्हिसा लागायला लागले. मास्तरसाहेब सुट्टीच्या दिवशी जागेवर जाऊन गवत उपटायचे. मी एकदा चिडवलं, "कुणाला तरी ज्वारी पेरू द्या की." ते म्हणाले, "अन् त्याच दिवशी पोरगं आलं तर? बिचारा उभा कुठं राहील?"

"मग सरळ बोलवून घ्या ना त्याला."

"नाय मियाँ. बाप बोलवतो म्हणून आला तर त्याचा जीव तिकडं अन् पाय हितं. त्याला वाटलं पायजे."

ते भाड्याच्या खोलीतच गेले, दम्यानं. शाळेतल्या आम्ही काही जणांनी खांदा दिला. मुलगा आला तो त्यानंतर, मोजक्या दिवसांच्या परवानगीवर. कानशिलं पांढरी झालेली. मी त्याला टांग्यातून जागा दाखवायला नेलं. पायाच्या दगडांमध्ये गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. तो कडवटपणे म्हणाला, "इत्ती-सी जगा के वास्ते अब्बा उधर नै आए?"

मला राग आला. म्हणालो, "जागा तुमच्यासाठी घेतली होती त्यांनी. इथं घर बांधायचं होतं, तुम्ही परत याल म्हणून."

टांगेवाला घाई करत होता. संध्याकाळच्या आत त्याला पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची होती. पण तो खाली उतरला आणि गवतातल्या दगडावर बसला.

"मेरे कू तो एक बार बी 'आ जा' नै बोले, चाचा," तो म्हणाला. "मैं समझा, उनकू मैं नको."