आईच्या बोलण्यावर चालणारं घर

कारेगावातल्या आमच्या नव्या घरात स्मार्ट सिस्टीम बसवायला आलेले एक वायरमन ड्रिल लावण्याआधी भिंत बोटानं ठोकून बघायचे आणि प्रत्येक वाक्य ‘म्हंजी’नं सुरू करायचे. मी मोबाईलवर चालणारी सिस्टीम निवडली होती. अर्धांगवायूनं वर्षभर पडून असलेल्या आईकडं बघत त्यांनी विचारलं, “म्हंजी, ह्यास्नी मोबाईल जमंल का?”

मी मोबाईल खिशात ठेवला.

त्यांनी आवाजावर चालणारी सिस्टीम सुचवली. ती बसवल्यावर ते आईच्या खाटेशी बसले. “मावशी, रोज बोलता तसंच बोला.” तिचे अडखळते शब्द यंत्राला कळेपर्यंत ते दुपारभर हलले नाहीत.

ते निघाले, तशी आई म्हणाली, “थांबा, घामाघूम झालाय.” मग यंत्राकडं वळून म्हणाली, “फॅन लाव.”

वर्षभरात पहिल्यांदाच तिनं आल्यागेल्याचं काही केलं होतं. वायरमन पिशवी ठेवून पंख्याखाली निवांत बसले.